मोटरहोमला कॅम्पग्राउंडची वीज जोडताना: क्रम, केबल आणि उलटे फेज-न्यूट्रल

चाकावरचं_घर
गाडीला २३० व्होल्ट, १६ अँपिअरचा निळा तीन पिनांचा इनलेट आहे. आत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). केबल ड्रमवरची, २५ मीटर, १.५ चौरस मिमी. आधी कुठलं टोक जोडायचं? ही केबल पुरेल का? आणि टेस्टरने फेज-न्यूट्रल उलटे दाखवले तर काय करायचं?

तारतम्य
कॅम्पग्राउंडच्या वीजखांबावरचा एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारा स्विच) खाली, म्हणजे बंद, गाडीतला मेन बंद. मग गाडीकडचं टोक, शेवटी खांबाकडचं. उलट केलंत तर जिवंत केबल ओल्या गवतातून ओढत आणावी लागते. निघताना आतला लोड बंद, खांबाचा एमसीबी बंद, आधी खांबाचा प्लग, मग गाडीचा.

केबल बदला. १६ अँपिअरसाठी तीन कोअर (आत तीन तारा), २.५ चौरस मिमी, रबरी आवरणाची लवचिक केबल लागते. २५ मीटरवर पूर्ण लोडला तिच्यात साधारण ६ व्होल्ट पडतात, १.५ मध्ये १० च्या आसपास. खांबावरच व्होल्टेज कमी असेल तर एसीच्या कॉम्प्रेसरला तेवढाही फरक जाचतो.

ड्रम मात्र कायम पूर्ण उलगडा, लोड कितीही असो. त्याच्या लेबलवर बहुधा दोन आकडे असतात, गुंडाळलेल्या अवस्थेचा आणि उलगडलेल्याचा, आणि पहिला बराच लहान असतो. गुंडाळलेल्या थरांतली उष्णता बाहेर पडत नाही, आतलं इन्सुलेशन मऊ होतं. एमसीबी इथे वाचवत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. उरलेली केबल गाडीखाली नागमोडी पसरा, वेटोळं करू नका. इनलेटपाशी ती थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच ठिबकतं.

अर्ध्या तासाने दोन्ही प्लग चाचपून बघा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर आत स्क्रू सैल आहे किंवा पिन काळवंडली आहे.

अर्थिंग_आधी
उलट्या फेज-न्यूट्रलमध्ये उपकरणं चालतात, आरसीसीबीही काम करते, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण एकपोली (एकच तार तोडणारा) स्विच किंवा एमसीबी मग न्यूट्रल तोडतो आणि बंद केलेल्या उपकरणात फेज तसाच राहतो. गाडीत दोनपोली (दोन्ही तारा तोडणारा) एमसीबी असला तर धोका बराच कमी, तरी दुरुस्तीआधी खांबाचा प्लग काढाच. खांब स्वतः उघडू नका, व्यवस्थापकाला सांगा, दुसरा पॉइंट मागा.

तीन दिव्यांच्या टेस्टरला न्यूट्रल आणि अर्थची अदलाबदल कळत नाही. मीटर हाताळता येत असेल तर जोडण्याआधी मोजा: फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तितकंच, न्यूट्रल-अर्थ फार तर दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थ ८०-१०० किंवा शून्य आलं तर अर्थ लागलेलाच नाही. तिथे जोडूच नका. अर्थ नसताना गळका करंट गाडीच्या पत्र्यावर बसतो आणि आरसीसीबी पडते ती कुणीतरी दाराला हात लावल्यावर, म्हणजे करंट माणसातून वाहू लागल्यावर. दोन पिनांचा अडॅप्टर याच कारणाने टाकून द्यावा.

चाकावरचं_घर
कधी खांबाचा एमसीबी पडतो, कधी आतली आरसीसीबी. दोन्हींचं कारण एकच असेल का?

तारतम्य
नाही. एमसीबी सहसा लोडने पडतो. खांबावरचा आकडा वाचा: ६ अँपिअर म्हणजे १३८० वॉट, १० म्हणजे २३००, १६ म्हणजे ३६८०. १० च्या पॉइंटवर २००० वॉटचा हीटर आणि बॅटरी चार्जर जेमतेम बसतात, केटल लावली की गेलं. जोडताक्षणीच पडला तर मात्र शॉर्ट शोधा.

आरसीसीबी पडते गळतीने. सगळ्या उपकरणांचे प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. ती वर करा, एकेक जोडत जा. संशयित नंबर एक पाण्याच्या हीटरचा एलिमेंट, त्यानंतर ओला झालेला बाहेरचा सॉकेट. काहीच जोडलेलं नसताना पडली तर वायरिंगमध्ये दोष आहे, इलेक्ट्रिशियन बोलवा. आरसीसीबीचं चाचणीचं ‘टी’ बटण दर मुक्कामी दाबून बघा.

अर्थिंग_आधी
इन्व्हर्टर असेल तर त्याचा चेंजओव्हरही (बॅटरी आणि बाहेरची वीज यांत बदल करणारा स्विच) तपासा. इन्व्हर्टर बॅटरीवर चालताना न्यूट्रल आणि अर्थ आत जोडतो. बाहेरची वीज आल्यावर हा जोड सुटायला हवा. नाही सुटला तर परतीचा थोडा करंट अर्थमधून जातो आणि खांबावरची आरसीसीबी पडत राहते, गाडीत एकही उपकरण बिघडलेलं नसताना.