हीथक्लिफ आपल्याला का आवडतो?

प्रश्न : एमिली ब्राँटे यांची १८४७ सालची ‘वदरिंग हाइट्स’ ही कादंबरी मी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली. हीथक्लिफ सूडापोटी दोन घराण्यांची धूळधाण करतो, तरी त्याच्याविषयीची ओढ कमी का होत नाही?

प्रतिसाद १ : लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेल्या त्या पोराला घरचा मुलगा हिंडली कसा छळतो, हे आपण पाहिलेले असते, म्हणून पुढचा हिशेब आपण त्याच्याच बाजूने मांडतो.

प्रतिसाद २ : मला ते पुरेसे वाटत नाही. घर सोडून गेल्यावर तो तीन वर्षे कुठे होता, त्याच्याकडे पैसा कुठून आला, हे ब्राँटे अखेरपर्यंत सांगत नाहीत आणि ती मोकळी जागा वाचक आपल्या मनातल्या नायकाने भरून काढतो. त्याच्याशी लग्न करणारी, शेजारच्या घराण्यातली इझाबेलाही हेच करते. तिला पळवून नेताना तो तिच्या लाडक्या कुत्रीला फास लावून टांगतो, तरी ती त्याच्याबरोबर जाते. आणि पुढे तोच कथा सांगणाऱ्या नेली या घरकामवालीला तुच्छतेने सांगतो, की हिने मला प्रेमकथेतला नायक समजले. (वाचकाला याहून सणसणीत चपराक मी तरी पाहिलेली नाही.)

प्रश्नकर्ती : कुत्रीचा प्रसंग मी दोन्ही वेळा वाचूनही विसरले होते, आपल्या मृत प्रेयसीची, कॅथरीनची, शवपेटी उघडणारा हीथक्लिफ मात्र जसाच्या तसा आठवतो.