मदत हवी आहे: कपारीखाली डाइव्ह करताना तरंगणं कसं सांभाळता?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याची, दांडिया बाजारातली. गेल्या वर्षी अंदमानात स्वराजद्वीपला ओपन वॉटर कोर्स (स्कूबा डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स) केला, म्हणजे 18 मीटरपर्यंत जाता येतं. फेब्रुवारीत मालदीवला जातोय. तिथल्या प्रवाळभिंतींच्या कपारी बघायची फार ओढ आहे, छताला उलटे लटकलेले मऊ प्रवाळ आणि सावलीत उभे लाल मासे.

अडचण अशी: अंदमानात एका खडकाखाली डोकावले, श्वास जरा मोठा घेतला आणि वर उचलली गेले. पाठीवरची हवेची टाकी दगडावर खणकन आपटली. धडपडीत पायातल्या फिनने वाळू उडाली, हात पुढे केला तर बोटंही दिसेनात. गाळ बसल्यावर प्रवाळाची एक तुटलेली फांदी दिसली. ती माझ्यामुळेच तुटली असणार, अजून रुखरुख लागून आहे.

गुहेत आत शिरणार नाहीच. डोक्यावर छत असलं की सरळ वर येता येत नाही, त्याला वेगळं प्रशिक्षण लागतं. भाऊजी म्हणतात टॉर्च असला की झालं. मला ते अजिबात पटत नाही. पण उघडी कपार कुठे संपते आणि गुहा कुठे सुरू होते, हे पाण्यात असताना तुम्ही कसं ठरवता?

बडोदा किंवा अहमदाबादेत टाकी लावून पूलमध्ये सराव करून घेणारं कोणी आहे का? मला फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं) आणि नुसत्या श्वासावर एका जागी स्थिर राहणं पक्कं करायचंय. वजनं कमरेला लावावीत की थोडी टाकीच्या पट्ट्यावर? माझे पाय सारखे खाली जातात.