स्वस्त टेंट गळतात की आपण ते लावतो चुकीचे? (कालच्या पोस्टला उत्तर)

दोरीगाठ
काल इथे एकांनी लिहिलं, "छोटा स्वस्त टेंट म्हणजे पैसे पाण्यात. पाऊस नव्हता तरी रात्रभर छतातून पाणी टपकत होतं, पुढच्या वेळी खरा पाऊस आला तेव्हा तर विचारूच नका. महागडा घ्या नाहीतर घरी बसा." खाली सगळे 'अगदी बरोबर' म्हणून मोकळे. मला राहवलं नाही, कारण असलं वाचून नवीन मुलं बाहेर पडायचंच सोडून देतात आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाऊस नसताना पाणी टपकलं तर ते गळणं नव्हे, ती तुमचीच वाफ. दोन माणसं आत झोपली की श्वासातून, घामातून रात्रभर वाफ निघत राहते, वर आकाश मोकळं असेल तर टेंटचं कापड बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं आणि त्या गार कापडाला वाफ लागली की थेंब. महागड्या टेंटमध्येही हेच होतं. त्या पोस्टच्या फोटोत सगळ्या चेन गच्च बंद दिसतायत, वरचा हवा जायचा व्हेंटसुद्धा. चेन वरून वीतभर उघड्या ठेवा, नदीकाठच्या खोलगट जागेत लावू नका, थोडं उंचावर झाडांच्या आडोशाला लावा (वाळकी फांदी वर नाही ना बघून), मग फरक कळेल.

भिजलेली_सकाळ
ती पोस्ट माझी. तिथेच बोलला असतात की, वेगळा धागा काढून शिकवणी कशाला? आणि तुम्ही निम्मीच वाचलीत. दुसऱ्या वेळी खरा पाऊस होता. पाणी छताच्या मधून नाही, शिवणीच्या रेषेवरून ओळीने येत होतं, आणि जमिनीकडून जिथे कोपर टेकलं तिथे ओल. फ्लाय, म्हणजे वरून टाकायचं पावसाचं कापड, डोक्यावर टोपी ठेवावी तेवढी, खाली चारी बाजूंना उघडी जाळी, वारा सुटला की पाऊस आडवा आत. धाकटी बहीण पहिल्यांदाच आली होती, ती पोर रात्रभर सॅक मांडीवर घेऊन बसून होती. आता परत येणार नाही म्हणते. ही पण आमचीच वाफ का?

धुकंवाट
ताईंचं बरोबर आहे. पिशवीवर 1500 एमएम लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच की कापडावर दीड मीटर उंच पाण्याचा दाब दिला तरी ते आत येत नाही. पण हा आकडा कापडाचा, शिवणीचा नाही. सुईने जी भोकं पडली ती आतून टेप लावून बंद केली नसतील तर कापड 3000 चं असून काय उपयोग. आणि तळाला आकडा वरच्यापेक्षा जास्तच लागतो, कारण तिथे अख्ख्या माणसाचं वजन येतं, गुडघा टेकला की दाब एका जागी जातो. स्वस्तात पहिली काटछाट नेमकी या दोन गोष्टींत होते.

दोरीगाठ
टोपीवाली फ्लाय असेल तर तो पावसाचा टेंट नाहीच, कोरड्या हवेचा आहे, इथे मी वाद घालणार नाही. पण स्वस्तातही जमिनीपर्यंत येणारी फ्लाय मिळते. शिवणीला घरी सीम सीलर (सुईची भोकं बुजवणारा चिकट लेप) लावता येतो, फक्त कापडावरचं कोटिंग पीयूचं (पॉलियुरेथेनचं) आहे की सिलिकॉनचं ते बघून घ्या, सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनवालाच चिकटतो. एक संध्याकाळ जाते. त्यासाठी घरी बसा म्हणणं मला पटत नाही.

भिजलेली_सकाळ
विकणाऱ्याने 'वॉटरप्रूफ' लिहायचं आणि शिवणी आम्ही भरत बसायचं. छान.

जुना_मुक्कामी
एवढी चर्चा चाललीय पण मूळ उपाय कोणी बोलत नाही. टेंटभोवती वीतभर खोल चर खणायची आणि उताराकडे तोंड काढून द्यायचं. आम्ही कॅनव्हासचे तंबू ठोकायचो तेव्हा पहिलं काम हेच असायचं, आधी चर मग बाकी. तळाला एक थेंब येत नाही. आजकालच्या मुलांना फावडं धरायला नको.

पानगळ
कृपा करून हे नवीन लोकांना शिकवू नका!! चर खणून तुम्ही सकाळी निघून जाता, पुढच्या पावसात पाणी त्याच चरीतून धावतं, माती वाहून जाते, गवताची मुळं उघडी पडतात. आमच्या नेहमीच्या मुक्कामाच्या जागेवर आज सपाट जमीनच उरलेली नाही, जिकडे तिकडे जुने खड्डे. म्हणून तर बहुतेक ठिकाणी आता चर खणू नका असंच सांगतात. चर तेव्हा लागायची कारण जुन्या तंबूंना शिवलेला तळच नसायचा.

जुना_मुक्कामी
निघताना बुजवतो आम्ही. न बघता आरोप करू नका.

पानगळ
बुजवलेली माती सैलच राहते, पहिल्या सरीत निघून जाते. दादा, तुमच्या अनुभवाचा मान आहे, पण तुमच्या मागून येणाऱ्यांनी झोपायचं कुठे?

जुना_मुक्कामी
दादा वगैरे राहू दे. वादळात तळाखाली पाण्याचं तळं झालं की माती आठवत नाही कोणाला, तेव्हा सोबतच्या लहान पोरांना कोरडं ठेवायचं असतं. मी ठेवलीयेत.

धुकंवाट
तळं झालं म्हणजे जागा चुकली, सरळ आहे. दिवसाउजेडी पोचा, जमीन बघा, वाळलेला गाळ किंवा पाण्याने ओढून आणलेला पालापाचोळा दिसला तर तिथे पाणी येतंच. चर कशाला? आणि खाली ताडपत्री घालता ती टेंटच्या बाहेर डोकावू देऊ नका, फ्लायवरून ओघळलेलं पाणी ती गोळा करते आणि नेमकं तळाखाली नेते. कडा आत दुमडा.

वजनकाटा
मला एकच विचारायचंय, 'दोन माणसांचा' कोण ठरवतं? आत रुंदी 120 सेंमी, मॅट 50 ची, दोन मॅट टाकल्या की उरले 20 सेंमी, त्यात दोन सॅक आणि बूट. मग माणूस भिंतीला चिकटतो, आतलं कापड बाहेरच्या फ्लायला टेकतं आणि ओल थेट स्लीपिंग बॅगेत. निम्म्या लोकांची 'गळतो' ही तक्रार इथूनच येते असं माझं ठाम मत आहे. आणि वजन सांगतात त्यात पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या) आणि पिशवी धरलेली नसते, हा वेगळाच संताप.

जुना_मुक्कामी
चरीचं बोलणं चालू होतं ते पूर्ण करू. माळावर, जिथे उंचवटाच नाही, तिथे काय करता?

पानगळ
माळसुद्धा अगदी सपाट नसतो. बाटली आडवी ठेवा, घरंगळेल तिकडे उतार, वरच्या अंगाला लावा. आणि अतिवृष्टीचा इशारा असेल तर जाऊच नका, त्यात चरही वाचवत नाही.

जुना_मुक्कामी
इशारा असताना जाऊ नये हे मान्य. बाकी मला पटलेलं नाही.

दोरीगाठ
मूळ विषयावर येऊया? स्वस्त टेंटची खरी अडचण मला पावसापेक्षा वाऱ्यात दिसते. फायबरग्लासचा पोल वाकून वाकून उभा चिरतो, त्याच्या कुसा हातात घुसतात आणि तुटलेलं टोक फ्लाय फाडतं. ॲल्युमिनियमचा वाकतो, पण सहसा असा चिरत नाही. सोबत नळीचा तुकडा आणि टेप ठेवा, मोडलेल्या जागी सरकवून बांधला की रात्र निघते. सोबत येणारे तारेचे गोल पेगही मऊ मातीत टिकत नाहीत, तेवढे वाय आकाराचे घ्या. अरुंद बाजू वाऱ्याकडे करा आणि फ्लायच्या आतून वेल्क्रोच्या पट्ट्या असतात त्या पोलला बांधा, त्या बांधल्याशिवाय बाहेरच्या दोऱ्या ताणून पोलला आधार मिळत नाही. बहुतेक जण त्या बांधतच नाहीत.

भिजलेली_सकाळ
पोल माझाही चिरला होता, ते लिहायचं राहिलं. तुमचं वाऱ्याचं पटलं, वाफेचंही पहिल्या रात्रीपुरतं पटलं. पण 'घरी बसा' हे मी चिडून लिहिलं होतं आणि का चिडले ते बहिणीला विचारा. टेप नसलेल्या शिवणीवर वॉटरप्रूफ लिहिणं ही फसवणूक आहे, त्यावर एक शब्द मागे घेणार नाही.

दोरीगाठ
तो शब्द मागे घ्या असं मी म्हणालोच नाही. बहिणीला पुढच्या वेळी कोरड्या दिवसांत न्या, एका रात्रीपुरतं. त्याआधी टेंट अंगणात नाहीतर गच्चीवर लावून पाइपने पाणी मारा, जिथून येईल तिथे खडूने खूण करा, पूर्ण वाळवा आणि मगच सीलर लावा. आणि ओला घडी करून ठेवू नका, पीयूचं कोटिंग चिकट होऊन सुटायला लागतं, मग कुठलाच सीलर कामाचा नाही.

भिजलेली_सकाळ
तो तेव्हापासून पिशवीतच आहे. उद्या उघडून बघते आणि काय आहे ते इथेच लिहिते.