मदत हवी आहे: सॅपमधल्या जुन्या बॅकग्राउंड जॉब्सचा आढावा कसा घेता?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सॅप ईसीसी (कंपनीचे हिशेब, साठा वगैरे सांभाळणारं सॉफ्टवेअर) आहे. एसएम३७ (बॅकग्राउंड जॉब, म्हणजे मागच्या मागे आपोआप चालणारी कामं, दाखवणारा स्क्रीन) उघडून 'रिलीज्ड' (वेळ झाली की चालणाऱ्या) स्थितीतले पिरिऑडिक, म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा चालणारे, जॉब पाहिले की डोकं गरगरतं. अर्धेअधिक कुणी आणि कशासाठी लावले, हे सांगायला माणूस उरलेला नाही. एक जॉब रोज पहाटे भलामोठा रिपोर्ट काढून स्पूलमध्ये (छपाईसाठी साठवलेल्या आउटपुटमध्ये) टाकतो, तो कोणी उघडतही नाही. पण बंद करू का विचारलं की अकाउंट्सवाले म्हणतात, असू दे, राहू दे!

खरी पंचाईत स्टेप यूजरची, म्हणजे ज्याच्या आयडीवर जॉब चालतो त्याची. बरेच जॉब नोकरी सोडून गेलेल्यांच्या आयडीवर चालतात. आयडी लॉक केला की जॉब कॅन्सल होतो, म्हणून ते आयडी चालूच ठेवलेत आणि ऑडिटर त्यावर बोट ठेवतात (चूक नाही त्यांची). सगळे जॉब एका सिस्टिम यूजरवर (कुणा माणसाचा नसलेल्या आयडीवर) न्यायचे तर त्याला ऑथोरायझेशन, म्हणजे कामाची परवानगी, द्यायची तरी किती?

शिवाय आरएसबीटीसीडीईएल२ हा सफाईचा प्रोग्रॅम आमच्याकडे १४ दिवसांपेक्षा जुने जॉब लॉगसकट साफ करतो. मग तिमाही किंवा वर्षअखेरीचा जॉब मागच्या खेपेला नीट चालला का, हे तुम्ही कशावरून ठरवता?

डिलीट न करता जॉब 'रिलीज्ड'वरून 'शेड्यूल्ड'वर (नोंद राहते, पण आपोआप चालत नाही) आणायचा विचार आहे, म्हणजे स्टेप्स, व्हेरियंट (प्रोग्रॅमला द्यायच्या मूल्यांचे जतन केलेले संच) शाबूत राहतात. त्यानंतर किती थांबता? ३१ मार्च उलटेपर्यंत? जॉबचा मालक नावातच लिहिता की वेगळ्या एक्सेलमध्ये? आणि हा आढावा बेसिसने (सॅपची तांत्रिक देखभाल करणाऱ्या टीमने) घ्यायचा की अकाउंट्स वगैरे एकेक विभाग सांभाळणाऱ्या मॉड्यूलवाल्यांनी? टीबीटीसीओ या जॉबच्या नोंदींच्या टेबलमधून यादी काढून ठेवली आहे, पुढचं सुचवा.