मदत हवी आहे: इन्व्हर्जनमध्ये (भूकंपीय नोंदींवरून खडकाचे गुणधर्म काढताना) शेल (चिकणमातीचा खडक) आणि सच्छिद्र चुनखडक वेगळे कसे काढायचे?

खडक मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या एल-३ थरासारखा, म्हणजे मधे मधे शेलच्या पट्ट्या असलेला मायोसीन चुनखडक. पोस्ट-स्टॅक (सगळ्या कोनांच्या नोंदी एकत्र केल्यावरचं), मॉडेल-बेस्ड (सुरुवातीचं मॉडेल सुधारत नेणारं) इन्व्हर्जन केलंय. वापरलेल्या विहिरींवर सिंथेटिक (विहिरीतल्या मोजमापांवरून बनवलेली कृत्रिम नोंद) छान जुळतं, पण बाजूला ठेवलेल्या विहिरीवर सच्छिद्रता उगाचच जास्त येते.

कारण बहुधा असं: घट्ट चुनखडकाचा इम्पिडन्स (ध्वनीचा वेग × घनता) साधारण १७,००० (मी/से × ग्रॅम/घसेमी). २५ टक्के सच्छिद्रता आणि पाणी धरलं की तो ८,००० च्या आसपास उतरतो, आणि शेलही नेमकं तिथेच बसतं. त्यात ३० हर्ट्झ आणि ४,००० मी/से धरले तर ट्यूनिंग जाडी (याहून पातळ थर नीट सुटे दिसत नाहीत) ३३ मीटर. थर मात्र काही मीटरचेच. ८ हर्ट्झखालचं सगळं विहिरींच्या इंटरपोलेशनमधून आलंय, त्यामुळे तिथला ‘निकाल’ म्हणजे आपलंच मॉडेल परत मिळतं.

प्री-स्टॅककडे (कोनानुसार वेगळ्या ठेवलेल्या नोंदींकडे) वळून व्हीपी/व्हीएस (दाब-लहरी आणि शिअर-लहरींच्या वेगांचं गुणोत्तर) वापरायचा विचार आहे. अडचण ही की जुन्या विहिरींत शिअर सोनिक (शिअर-लहरींच्या वेगाचं मोजमाप) नाही, आणि व्हीपीवरून व्हीएस काढणारं ग्रीनबर्ग-कॅस्टाग्ना सूत्र भोकाभोकांच्या चुनखडकात फसतं, कारण त्यात छिद्रांचा आकार धरलेलाच नसतो.

छिद्रांचा आकार धरणाऱ्या झू-पेन मॉडेलने शिअर-वेग काढताना छिद्रांचे आस्पेक्ट रेशो (जाडी आणि लांबीचं गुणोत्तर) कशावरून ठरवता? आणि अशा पातळ थरांना थेट जिओस्टॅटिस्टिकल इन्व्हर्जनच (संख्याशास्त्राने अनेक शक्य मॉडेल काढणारं) लावावं का?