मदत हवी आहे: निसर्ग नुसता आरसा नसलेली कलागीतं सुचवा

नमस्कार मंडळी. आवाज आणि पियानो एवढ्यावरच उभ्या राहणाऱ्या पाश्चात्त्य कलागीतांचा छोटा कार्यक्रम बसवते आहे. विषय माणूस आणि निसर्ग. गाणी ढीगभर आहेत, पण बहुतेकांत निसर्ग मनाचा आरसाच: प्रेम जमलं की वसंत, मोडलं की हिवाळा. मला त्यापलीकडची हवी आहेत.

ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टची दोन पक्की आहेत. ‘डी फोरेले’ (ट्राउट मासा) या गाण्यात पियानोत मासा सुळकन उसळतो, गळ टाकणारा पाणी गढूळ करतो तिथे ती लकेर मोडते, साथ अस्वस्थ होते. माणसाची लबाडी साथीतच ऐकू येते! दुसरं, ‘डी श्योनं म्युलरिन’ (१८२३) या २० गीतांच्या मालेतलं शेवटचं. तिथे ओढाच, त्यात बुडालेल्या प्रेमभंग झालेल्या तरुणाला अंगाई गातो.

पुढे फ्रेंच संगीतकार रावेलची ‘इस्त्वार नात्युरेल’ (१९०६) ही प्राणी-पक्ष्यांवरची गीतमाला घ्यावी असं फार वाटतं. त्यात एक खंड्या माणसाच्या गळाच्या काठीवर येऊन बसतो आणि तो माणूस श्वास रोखून धरतो. शूबर्टच्या माशानंतर लगेच हे ठेवलं तर? की मध्ये दुसरं काही हवं?

खरी अडचण पट्टीची. माझा आवाज खालचा. गाणं खाली उतरवलं की पियानोतलं वाहतं पाणी जड वाजतं. तुम्ही कितपत उतरवता? साथीदाराने पियानोचं सूर लांबवणारं पेडल आवरलं की भागतं का?

जंगल, पक्षी, समुद्र यांना स्वतःचा आवाज असलेली, शक्यतो १९०० नंतरची आणखी गीतंही सुचवा. कोणत्याही भाषेतली चालतील.