अनुभव धागा : गाडीतलं काय, कधी, कसं वापरायचं हे तुम्हाला कुठे उमगलं?

कोयनाकाठ

मागच्या मे महिन्यात कराडहून चिपळूणला लग्नाला निघालो होतो. गाडीत मी, बायको, दोन मुलं, सासरे आणि डिकी भरून आहेराचं सामान. हेळवाक मागे पडलं, कुंभार्ली घाट उतरायला लागलो. गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि माझा पाय सारखा ब्रेकवर. निम्म्या घाटात जळका वास यायला लागला. बायको म्हणाली, पुढच्या ट्रकचा असेल. मलाही तेच वाटलं.

पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पेडल नेहमीच्या जागी थांबलंच नाही. लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं. वेग कमी झाला, पण हवा तेवढा नाही. घशाला कोरड पडली. सासऱ्यांनी बावीस वर्षं ट्रक चालवलाय. ते शेजारी बसले होते. आवाज जराही न चढवता म्हणाले, "पाव्हणं, गिअर पाडा. तिसरा. आता दुसरा. क्लच सोडा, दाबून धरू नका." इंजिन ओरडलं, गाडी मागून कुणीतरी धरल्यासारखी हळू झाली. मग हँडब्रेक थोडा थोडा ओढत एका मोकळ्या जागेत थांबलो.

चाकांजवळ हात नेता येत नव्हता इतकी धग. मी पाण्याची बाटली उघडली तर त्यांनी हात धरला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकते. हँडब्रेकही सोडायला लावला, गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवली आणि चाकांना दगड लावले. पाऊण तासाने पेडल पुन्हा कडक लागायला लागलं. उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो.

चिपळूणच्या मेकॅनिकने ब्रेक ऑइलचं झाकण उघडून दाखवलं. आत कोऱ्या चहासारखं काळपट. पाच वर्षांत एकदाही बदललं नव्हतं. हे तेल हवेतला ओलावा शोषत राहतं. नवं डॉट ४ तेल २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर तोच आकडा १५५ च्या आसपास येतो. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबला की चाकाऐवजी ते बुडबुडेच दाबले जातात. म्हणून साधारण दोन वर्षांनी तेल बदलायचं.

"ज्या गिअरात घाट चढते त्याच गिअरात उतरवायची" हे सासऱ्यांचं वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत होतो. अर्थ त्या दिवशी कळला. गाडीत सगळं होतं, वापरायचं कसं हे मला माहीत नव्हतं. म्हणून हा धागा. कार, दुचाकी, ट्रॅक्टर, काहीही चालेल. काय घडलं ते सविस्तर लिहा, नुसता सल्ला नको.

सायली_वाई

माझा एबीएसचा. २०२० ची गाडी, म्हणजे एबीएस आहेच (एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं). आहे एवढंच ठाऊक होतं. जुलैमध्ये पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकी उतरून वेळे गावाजवळ एक कुत्रं अचानक आडवं आलं. रस्ता ओला. जोरात ब्रेक दाबला आणि पायाखाली पेडल थडथडायला लागलं, खालून खरखर आवाज. मला वाटलं, काहीतरी तुटलं. मी घाबरून पाय उचलला.

तीच चूक. ती थडथड म्हणजे एबीएस काम करतंय. चाक लॉक होऊ नये म्हणून ते सेकंदात कित्येकदा ब्रेक सोडतं आणि धरतं. पाय तसाच दाबून ठेवायचा आणि स्टिअरिंग वळवायचं. वळतं, हाच तर त्याचा उपयोग. मी पाय उचलला आणि गाडी सरळ पुढे गेली. कुत्रं स्वतःहून पळालं म्हणून वाचलं.

पुढच्या रविवारी भावाला घेऊन एका मोकळ्या मैदानावर गेले. पाऊस पडून गेला होता, आसपास कुणी नव्हतं. तीस-पस्तीसच्या वेगाने सहा वेळा मुद्दाम जोरात ब्रेक मारले. तिसऱ्या वेळेपर्यंत पाय आपोआप उचलला जात होता. चौथ्या वेळी राहिला.

देवगिरी

कोयनाकाठ, आमच्याकडे घाटात न्यूट्रल करून गाडी सोडतात, पेट्रोल वाचतं म्हणून. माझे काका आयुष्यभर तसंच करत आलेत. त्यांना काय सांगू?

कोयनाकाठ

सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत ते वाचायचं, पण तेव्हाही जिवाशी खेळच होता. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पेट्रोल जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे काकांचं पेट्रोल उलट जास्त जातंय. त्यात कुणी चावी बंद केली तर आणखी वाईट. ब्रेकला इंजिनची मदत असते ती दोन-तीनदा दाबल्यावर संपते, मग पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं आणि चावी काढलीच तर लॉकही होतं.

ऊसकरी

आमचं ट्रॅक्टरचं. शहरातल्या लोकांना ठाऊक नसेल म्हणून नीट सांगतो. ट्रॅक्टरला उजव्या बाजूला दोन ब्रेक असतात, मागच्या दोन चाकांचे वेगवेगळे. शेतात सरी संपली की एकच दाबायचा, ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. पण रस्त्याला लागलं की दोन्ही पेडलं एक करायची. त्याला एक छोटी पट्टी असते, पायाने सरकवली की पेडलं जोडली जातात. पाच सेकंदांचं काम.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. कारखान्यावर ऊस खाली करून रिकामी ट्रॉली घेऊन रात्री परत येत होतो. दुपारी शेतात काम केलं होतं, पट्टी काढलेली तशीच. समोरून मोटारसायकल आली, ब्रेकवर पाय मारला तो एकाच पेडलवर पडला. ट्रॅक्टर गर्रकन उजवीकडे, आणि मागून ट्रॉलीने ढकललं. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते, तिचं सगळं वजन ट्रॅक्टरच्याच पाठीवर. मोटारसायकलवाला कच्च्यात उतरला म्हणून निभावलं. आम्ही चरीत. ट्रॅक्टर कलंडला नाही, एवढीच देवाची कृपा.

आज्जा घटनास्थळी आला तेव्हा काही बोलला नाही. बॅटरीच्या उजेडात खाली वाकून ती पट्टी बघितली आणि पायाने सरकवली. खट्ट आवाज झाला. तो आवाज अजून कानात आहे. आता आमच्या तिन्ही ट्रॅक्टरच्या पट्ट्यांना लाल रंग मारलाय. ज्या गड्याला ट्रॅक्टर द्यायचा, त्याला आधी ती पट्टी दाखवायला लावतो.

आणखी एक, ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर लावा. नुसता लावून भागत नाही, हंगामात रोज पुसा. चिखल आणि पाचट बसली की असून नसून सारखाच.

मीनल

छोटासा. पाण्याची बाटली सीटखाली ठेवायची सवय होती. सिग्नलला ब्रेक दाबायला गेले आणि तो अर्ध्यावर अडकला. बाटली घरंगळत येऊन पेडलखाली बसली होती. पुढच्या रिक्षाला हलका धक्का बसला, रिक्षावाल्या दादांनी समजून घेतलं. त्या दिवसापासून ड्रायव्हरच्या पायाशी काहीही नाही. मॅटसुद्धा हुकला अडकवलेलाच, मॅटवर दुसरा मॅट तर कधीच नाही.

पदर_सांभाळा

नाव मुद्दाम असं घेतलंय. माझ्या मोठ्या मावशीला नवऱ्याने सेकंडहँड मोटारसायकलवर बसवून माहेरी आणलं. आधीच्या मालकाने सारी गार्ड काढून टाकलं होतं, "लूक" बरा दिसतो म्हणून. गावाच्या अलीकडे फाट्यावर मावशीचा पदर मागच्या चाकात गेला. ती मागे खेचली गेली आणि रस्त्यावर आपटली. खांद्याचं हाड मोडलं. डोक्याला लागलं नाही, कारण काकांनी हट्टाने तिला हेल्मेट घालायला लावलं होतं.

मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक अर्धं झाकेल असं संरक्षण, हे मोटार वाहन नियम १२३ मध्येच आहे. ती शोभेची वस्तू नाही हो. गार्ड काढणाऱ्या मुलांना मी रस्त्यात थांबवून सांगते. काही ऐकतात. ओढणी आणि स्टोलवाल्या मुलींनाही सांगते, गाठ मारून पुढे खोचून मगच बसा.

लालपरीची लेक

बाबा एसटीत चालक होते, आता निवृत्त. लहानपणी त्यांच्याबरोबर पहाटेच्या गाडीने जायचे. इंजिन सुरू करून ते नुसते बसून राहायचे आणि मी विचारायचे, निघत का नाही? ते डॅशवरचा काटा दाखवायचे. "हवा धरू दे." मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत पुरेसा दाब आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि कमी दाबाचा बझर वाजत असताना तर नाहीच. प्रवासी घाई करायचे, बाबा शांत. मग हवा सुटल्याचा "फुस्स" आवाज आला की ते चाकांभोवती एक फेरी मारून यायचे, प्रत्येक टायरला लाथ मारून आवाज ऐकत. मी ट्रक चालवत नाही, पण माझ्या छोट्या गाडीभोवती आजही निघण्याआधी एक फेरी मारते. एकदा त्या फेरीत मागच्या चाकाला टेकून झोपलेलं मांजराचं पिल्लू सापडलं.

नागपुरी_संत्रं

समृद्धी महामार्गावरचा. ७०१ किलोमीटर सरळसोट रस्ता, १२० ची मर्यादा. माझा मागचा डावा टायर शंभरच्या वेगात फुटला. मी ब्रेक मारला नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडला, एवढं योग्य केलं. टायरची नक्षी उत्तम होती, म्हणून निर्धास्त होतो. नंतर दुकानदाराने बाजूवरचे चार आकडे वाचून दाखवले : २३१६. २०१६ सालातला तेविसावा आठवडा. रबर सात वर्षांचं, बाजूला बारीक भेगा. त्यात हवाही कमी. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि आतून तापते. गावातल्या फिरण्यात कळत नाही, तासन्‌तास वेगात पळवलं की कळतं.

आता निघण्याआधी, टायर गार असताना हवा तपासतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर लिहिलेलं असतं. वाटेत तापलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेला दिसला तर हवा काढत नाही.

मॉन्ट्रियलकर

इथे क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत, त्यामुळे ते शिकावं लागलंच. जे शिकवलं नव्हतं ते सांगतो. पहिल्याच हिवाळ्यात रात्रभर बर्फ पडला. सकाळी गाडी सुरू करून हीटर लावला, मुलीला आत उबेला बसवलं आणि काचांवरचा बर्फ काढायला लागलो. शेजारच्या आजी दारातून ओरडत आल्या. मुलीला बाहेर काढलं आणि मागे बोट दाखवलं. धुराचा पाइप बर्फात पूर्ण बुजला होता. धूर बाहेर न जाता खालून गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. मुलगी तीन मिनिटंच आत होती. मी तिथेच बर्फात बसलो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण बंद गॅरेजमध्ये एसी लावून झोपणं आहे. कारण तेच.

ताम्हिणी_पाऊस

काच धुकटली की मी फडक्याने पुसायचो. एका हाताने पुसत दुसऱ्या हाताने ताम्हिणीची वळणं. मित्राने एसी लावला आणि हवा आत फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घेतली. मिनिटभरात काच स्वच्छ. एसी हवेतला ओलावा काढतो, हे मला तेव्हा कळलं. आणि पावसात चारही इंडिकेटर लावून चालवू नका. तुम्ही वळणार आहात की थांबलाय हे मागच्याला कळत नाही. हेडलाइट लावा, मागचे लाल दिवेही त्याबरोबर लागतात. नुसते दिवसाचे पुढचे दिवे पेटले की आपल्याला वाटतं उजेड आहे, पण बऱ्याच गाड्यांत मागे अंधार असतो. भाताण बोगद्यात अशी एक गाडी माझ्यापुढे होती. जवळ जाईपर्यंत दिसली नाही.

नवी_बॅटरी

इलेक्ट्रिक स्कूटर घेतलेल्यांसाठी. आवाज नसतो, त्यामुळे ती चालू आहे हे विसरायला होतं. दारात भाजीवाल्या मावशींशी बोलत उभी होते, चावी चालू, पुढे चार वर्षांचा मुलगा उभा. त्याने मूठ पिळली. भिंत दोन हातांवर होती. माझा हात ब्रेकवर होता म्हणून बरं. आता पाय टेकला की आधी बंद, मग बोलणं. ढकलून लावतानाही बंद करूनच.

कोयनाकाठ

काल रात्री सगळे प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवले. ट्रॅक्टरच्या पट्टीचं दोनदा वाचायला लावलं. मग त्यांनी त्यांच्या उस्तादांचं सांगितलं. नव्या क्लीनरला ते रात्री उभ्या ट्रकमध्ये बसवायचे, दिवा मालवायचे आणि एकेक नाव घ्यायचे : वायपर, डिपर, हॉर्न, पार्किंग लाइट. हात न चाचपडता गेला पाहिजे.

आज संध्याकाळी अंगणात आम्ही दोघांनी करून पाहिलं. बायको डोळे मिटून बसली, मी नावं घेत गेलो. वायपर, डिपर, समोरच्या काचेचा ब्लोअर, सगळं बरोबर. चार इंडिकेटरच्या बटणाला मात्र तिचा हात तीनदा रेडिओवर गेला. मग माझी पाळी आली. मागच्या काचेच्या डिमिस्टरचं बटण मला डोळे उघडूनही लगेच सापडलं नाही. उद्या पुन्हा बसणार आहोत, मुलंही म्हणतायत आम्ही नावं घेऊ.